निरोप समारंभाखालची कोल्हीण
बाबांच्या निरोप समारंभाची एक व्हिडिओ कॅसेट आमच्या घरात अजून आहे. तिची मला शिसारी येते. छप्पन्न मिनिटं नुसते झेंडूचे हार, भाषणं आणि समोसे. ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या त्या व्हिडिओवाल्याला माणसांची तोंडं जवळून दाखवायची भारी हौस. एक साहेब समोसा चघळत चघळत बाबांच्या प्रामाणिकपणावर बोलतात, हिरवी चटणी हनुवटीवरून टायवर उतरते, आणि कॅमेरा काही हलत नाही.

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा सरकारी माणसांचीही वाटणी झाली. यादीत बाबांचं नाव रायपूरकडे गेलं, म्हणून हा निरोप.

त्या कॅसेटवर आधी माझी मावशी होती. आईची धाकटी बहीण, लग्न होऊन मुंबईला गेलेली. सासरचे तिच्या मराठीला हसायचे, 'ही आमची ग्वाल्हेरची हिंदीवाली' म्हणायचे. त्याच हिंदीमुळे तिला एक काम मिळालं. आयुष्यात एकदाच. तासाभराच्या एका जपानी कार्टूनमध्ये पिल्लाला शोधत फिरणाऱ्या कोल्हिणीला तिने हिंदीत आवाज दिला. ते एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागलं. सासरी तिला टीव्हीच लावू दिला नाही. मी इकडे ते रेकॉर्ड केलं आणि वर कोणी दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. "दिवाळीला येते, तेव्हा तुझ्याकडेच बघेन," मावशी फोनवर म्हणाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी व्हिडिओवाल्याने सांगितलं, "कैसेट घर की ही दे देना, भाईसाहब." बाबांनी कपाट उघडलं. बाकीच्या कॅसेटींवर लग्नं आणि मुंजी होत्या, त्यांना हात लावायची कोणाची छाती!

"हिच्यात काय आहे गं?"

"मावशीचं कार्टून."

"अगं, ते तर परत लागेलच. वो लोग तो दिखाते ही रहते हैं. बाजारात पण मिळून जाईल."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर वाद घालायचा कंटाळा आला. मोडलेल्या तुकड्याच्या भोकावर सेलोटेप लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. ती टेप मीच कापली आणि मीच चिकटवली.

ते कार्टून परत कधी लागलं नाही. त्याची कॅसेट निघाली नाही, सीडी नाही. जपानमध्येसुद्धा नाही, असं अशा गोष्टी शोधणारे लोक सांगतात.

आणि बाबा रायपूरला गेलेच नाहीत! रक्तदाबाचा दाखला, वर कोणाला तरी फोन, आणि महिन्याभरात स्वारी त्याच खुर्चीत. ज्यांनी हार घातले त्यांनीच चहा पाजला. लाज कोणालाच नाही.

दिवाळीला मावशी आली. फराळाची बशी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली. "लाव ना गं." मी लावली. हार सुरू झाले.

"हे आधीचं काहीतरी दिसतंय," ती म्हणाली आणि वाट बघत बसली. बाबा शेजारी बसून कोण कोणत्या सेक्शनचा ते उत्साहाने सांगत होते. तिच्या हातातली चकली तशीच राहिली. मला सगळं माहीत होतं, तरी छप्पन्न मिनिटं मी तोंड उघडलं नाही. त्या चटणीपेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याची मला जास्त किळस येते.

भाषणं संपली. पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम कार्टून सुरू झालं. शेवटची चार मिनिटं तेवढी वाचली होती. बर्फातून पिल्लू एकटंच चाललं होतं. मावशी पुढे सरकून बसली.

"बघ, बच गया ना थोडा!" बाबा खूश होऊन म्हणाले.

मावशीने चारही मिनिटं शेवटपर्यंत पाहिली. मग चकली बशीत ठेवली.

"यात मी नाहीये," ती म्हणाली. "मी याच्या आधीच मरते."