आईने ऐकलेला श्वास

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे डब्लिनला आली आणि सव्वा वर्ष राहिली. २०२०च्या मार्चच्या सुरुवातीला ती उतरली आणि पंधरा दिवसांत सगळं बंद झालं. सँडीफोर्डमधला माझा फ्लॅट दोन खोल्यांचा. एका खोलीत आम्ही दोघी झोपायचो, दुसऱ्या लहान खोलीत माझं ऑफिसचं टेबल. खिडकीतून लुआसची ट्राम जाताना दिसायची. आई म्हणायची, "इतकी रिकामी गाडी चालवते काऊन हे लोकं?" ती अमरावतीकडची. मी पुण्यात शिकले, नंतर इथे एमएस करून इथेच नोकरीला लागले, त्यामुळे माझी भाषा बदलली. तिची बदलली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आयरिश शाळामास्तर राहायचा. पन्नाशीचा, एकटा. लॉकडाउनमध्ये तो जिन्यात आमच्यासाठी सोडा ब्रेड ठेवून जायचा आणि आई त्याला डब्यातून पोहे द्यायची. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नसे, पण जिन्यात उभे राहून दहा-दहा मिनिटं बोलायचे.

ऑक्टोबरमध्ये त्याची म्हातारी आई डंडॉकला घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. तो नोकरी सोडून तिच्याकडे राहायला निघाला, पण त्याच्याकडे एक साप होता. कॉर्न स्नेक, बिनविषारी, चारेक फूट लांब, केशरी अंगावर विटकरी ठिपके. "आई म्हणते, तो घरात आला तर मी बाहेर जाईन," तो मला म्हणाला. "त्याला तू घेशील का?"

मी हो का म्हणाले, ते आज नीट सांगता येणार नाही. दिवसभर स्क्रीनवरच्या माणसांशी बोलून मी थकून जायचे. काहीच न बोलणारं कुणीतरी घरात असावं, असं वाटलं असेल.

आईने डोक्याला हात लावला. "लोकं पोरीसाठी नवरा पाह्यते. माही पोरगी साप घेऊन आली."

काचेची टाकी माझ्या ऑफिसच्या खोलीत आली. मास्तरने सगळं समजावून सांगितलं. टाकीच्या एका टोकाला खालून ऊब देणारी चटई, दुसरं टोक थंड. दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. नवी जागा आहे, कदाचित पहिले काही दिवस खाणार नाही, घाबरू नकोस. मी मान डोलावली. आईने मात्र त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. माझा चहा ती दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून जायची.

पहिल्या आठवड्यात सापाने काही खाल्लं नाही. दुसऱ्यातही नाही. मला वाटलं, नवी जागा. त्याची कातडी मला कोरडी वाटायची, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ टाकीत पाण्याचा फवारा मारायचे. खालचा लाकडाचा भुसा ओला राहायला लागला आणि त्याचा कुबट वास खोलीभर पसरला. साप टाकीच्या कोपऱ्यात पडून असायचा. शांत आहे, रुळतोय, असंच मी धरून चालले.

नोव्हेंबरातली एक दुपार. मी कानांवर हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. आई चहा घेऊन आली, आणि स्टुलावर कप ठेवून परत जायच्या ऐवजी दारातच उभी राहिली. बराच वेळ. मग तिने मला हाताने खूण केली. मी माइक बंद करून हेडफोन काढला.

"त्याचा श्वास वाजून राह्यला," ती म्हणाली.

"साप फुसफुसतातच गं आई."

"फुसफुस नाई हे. आयक जरासक."

मी ऐकलं. लॅपटॉपचा पंखा, दूरवर ट्रामची घंटा, आणि या सगळ्याखाली एक बारीक शिट्टी. किटलीचं पाणी उकळायच्या आधी येते ना, तशी. मध्येच ओला टक्‌ असा आवाज. मी टाकीजवळ जाऊन वाकले. त्याने मान काचेला टेकवून वर धरली होती. तोंड थोडंसं उघडं होतं. ते मिटलं, पुन्हा उघडलं. एका नाकपुडीवर साबणाच्या फेसासारखा लहानसा बुडबुडा आला आणि फुटला.

दोन आठवडे मी त्याच्यापासून चार फुटांवर बसून काम करत होते. कानांवर हेडफोन लावून.

"तुह्या बाबाचं असंच सुरू झालं होतं," आई म्हणाली. "पह्यले शिट्टी. आपण म्हटलं सर्दी आहे."

बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या धुळीत आयुष्य गेलं आणि शेवटची बारा-तेरा वर्षं दम्यात गेली. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे आवाज करत झोपतात. आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, आज छाती भरली आहे, आज बरी आहे. तिला बघावं लागत नसे.

मी व्हिडिओ काढून मास्तरला पाठवला आणि विचारलं, कात टाकायची वेळ आली असेल का? त्याने लगेच फोन केला.

"कात टाकताना कधी नाकात सालपट अडकून शिट्टी वाजते," तो म्हणाला, "पण तेव्हा आधी डोळे दुधी होतात. याचे डोळे स्वच्छ आहेत. आणि तोंड उघडं, बुडबुडे... नाही. माझ्याकडे असताना त्याने असं कधीच केलं नाही. आजच डॉक्टरला दाखव."

साप तपासणारे डॉक्टर कुठेही मिळत नाहीत. त्याने दिलेला नंबर ब्लँचर्डस्टाउनच्या पलीकडच्या एका दवाखान्याचा होता. त्यांनी साडेतीनला या म्हणून सांगितलं. मी सापाला सुती उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड बांधलं, तो खोक्यात ठेवला आणि बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. आता गाडी चालवताना खोकं धरणार कोण, याचा विचार मी केलाच नव्हता. आई कोट घालून दारात तयार उभी होती.

"आण इकडे," ती म्हणाली.

ती मागच्या सीटवर बसली. खोकं मांडीवर, वरून तिची शाल. तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर कारणाशिवाय जाता येत नसे. हमरस्त्यावर गार्डांनी गाडी थांबवली. तरुण पोलीस होता. कुठे निघालात, त्याने विचारलं.

"डॉक्टरकडे. साप आजारी आहे."

त्याने मागे आईकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकला. "ग्रँड," तो म्हणाला. "जा तुम्ही, जा."

पूर्ण रस्ताभर आई अधूनमधून खोक्याला कान लावत होती. "चालू आहे," एवढंच सांगायची.

दवाखान्यात आत जायची परवानगी नव्हती. डॉक्टरीणबाई मास्क लावून पार्किंगमध्ये आल्या, खोकं घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांनी फोनवर बोलल्या. छातीत जंतुसंसर्ग झालाय असं दिसतंय. कफाचा नमुना घेतलाय, पहिलं इंजेक्शन दिलंय. "सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही," त्या म्हणाल्या. "साचलेलं बाहेर पडत नाही, म्हणून तो मान वर धरून तोंडाने श्वास घेतो. टाकीत ऊब किती असते? ओल किती?"

मी फवाऱ्याचं सांगितलं. आईने विचारलं, काय म्हणतात? मी तिला सांगितलं की ओल आणि थंडी, दोन्ही मिळून असं होतं. ती काचेबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "खिडकी मी उघडत होती. तू फिरायले गेली की. वास यायचा म्हणून."

तोपर्यंत ती त्या खोलीत शिरत नाही असंच मी समजत होते. श्वास धरून आत जायची, खिडकी उघडायची आणि पळत बाहेर यायची, असं तिने नंतर सांगितलं.

मी डॉक्टरांना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, खिडकी असेल, फवारा असेल, घर बदलल्याचा ताण असेल. आजार आधीपासून अंगात असला तरी आता कळायला मार्ग नाही. "लवकर आणलंत, ते महत्त्वाचं. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आईच्या."

"त्यांचे कान चांगले आहेत," त्या म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा आईने फक्त पदर नीट केला.

पुढचे काही आठवडे दर तीन दिवसांनी इंजेक्शन. द्यायला डॉक्टरांनी मला शिकवलं. मी सुई धरायचे आणि आई टॉवेलातून त्याचं अंग धरायची, आपलं तोंड दुसरीकडे फिरवून. भुसा बदलला, फवारा बंद केला, ऊब वाढवली. आधी बुडबुडे गेले, मग तोंड मिटलं. शिट्टी सगळ्यात शेवटी गेली. डिसेंबरात त्याने पहिला उंदीर खाल्ला. आई दाराबाहेरून विचारत होती, "गिळला का?"

त्याच हिवाळ्यात केव्हातरी तिने आपली खुर्ची खोलीत आणली. चार वाजता अंधारून यायचं. मी काम करायचे, एक कान उघडा ठेवून, आणि ती टाकीशेजारी मटार सोलत बसायची. मध्येच बाबांचं काहीतरी सांगायची. ते जिनिंगमधून घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. लग्नानंतर पहिल्यांदा तिने तो फुंकरीने उडवला तेव्हा ते शिंकले होते. बाबा गेल्यावर इतक्या वर्षांत ती हे बोलली नव्हती, किंवा मी ऐकायला बसले नव्हते. बाहेर सगळं जग घाबरून घरात बसलं होतं, रोज वाईट बातम्या येत होत्या, आणि तरी त्या दुपारी आठवल्या की मला त्या परत हव्याशा वाटतात.

२०२१च्या उन्हाळ्यात आई परत गेली. विमानतळावर तिने मला बजावलं, "दर रविवारी फोन त्याच्यापाशी धरत जा. मी आयकीन."

मी धरायचे. टाकीचं झाकण उघडून, फोन आत, दोन मिनिटं. फोनवरून काय ऐकू येणार? पण ती पलीकडे गप्प राहायची, मग म्हणायची, "बरा आहे." आणि मग अंगणातल्या लिंबाचं, शेजारणीच्या सुनेचं, गॅस संपल्याचं सांगायला लागायची.