तीन भाषांचा प्रोग्राम आणि नदीतले अप्पा

मंडळी, आत्ताच घडलेलं लिहायलेय.

आज दुपारी कळलं, चार वाजता वरच्या बंधाऱ्याचं पाणी सोडणार. मांजरा नदीच्या पात्रात पाण्याच्या मोटारी काढायला निम्मं गाव उतरलेलं. माझे अप्पाही.

गावाला निरोप धाडणारा प्रोग्राम माझाच. दर नंबरामागं तो तीन चाइल्ड प्रोसेस, म्हणजे स्वतःच्याच तीन प्रती काढतो. कन्नड, मराठी, दखनी. सगळे निरोप एकदमच जावेत म्हणून. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर जागीच अडकला.

आपलं काम झालं की प्रतीनं थांबायचं, ही ओळच मी लिहिली नव्हती! प्रत्येक प्रत आणखी प्रती काढत सुटली.

पावणेचार. अप्पांना फोन लावला, तो घरातच वाजला. माझी थोरली बहीण अक्का पळत देवळात गेली आणि माईकवरून ओरडली, "पाणी यायलंय, वर या!"

समदे वर आले.

काय घोटाळा झाला ते ऐकून ओलेचिंब अप्पा म्हणाले, "आपल्यात तिन्ही भाषा कुणाला येत न्हाईत गं? तीन तीन निरोप कामून धाडायलीस?"

मी एकेकाला विचारत सुटले. अक्का कोणत्या भाषेत ओरडली, हे वर आलेल्या एकालाही आठवंना.