मालूला दिलेली माझी बीपीची गोळी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी बदलली. पूर्वी प्रोप्रानोलोल घ्यायचे, असं सांगितलं तर म्हणाले, "ती दमेकऱ्यांना देत नाहीत, श्वास कोंडतो. ही मेटोप्रोलोल त्यामानाने सौम्य, पण दमा असेल तर हीसुद्धा जपूनच."

मला एकदम मालू आठवली.

ऐंशीच्या दशकात आम्ही नाहूरच्या चाळीत राहायचो. शेजारच्या मालूचं बीपी वाढलं, तेव्हा वाटीभर साखर द्यावी तशी मी तिला माझी तीच प्रोप्रानोलोलची गोळी दिली. "घे गं, मला झकास लागू पडलीय." तिला दमा होता, हे मला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी धापा टाकतच ती गेली. सगळे म्हणाले, दम्याने नेली.

तिची लेक मला मावशी म्हणते, दर रविवारी फोन करते.

उद्या रविवार आहे. सांगू का तिला?