आबांची हवालदारकी

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांना सगळे हवालदार म्हणत. पोस्टमन म्हणे, शाळेचे मास्तर म्हणत, दाढी करायला येणारा न्हावीसुद्धा म्हणे. आम्ही भावंडं त्यांना आबा म्हणायचो. महायुद्धात ते चार वर्षं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. परत आले तेव्हा उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण होता. तो बॉम्बचा, असं ते सांगत. देवळाच्या पारावर बसले की कुणीतरी विषय काढायचं आणि आबा सुरू व्हायचे. नदीचा काठ, पलीकडं जपानी, अलीकडं मशीनगनवर आबा. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मधला एखादा शब्द त्यांनी गाळला तर मला कळायचं.

मी फौजेत जायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. मला विचारलं नाही आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. अकरावीत गणितात गटांगळी खाल्ली होती. दोन एकर उसात आम्ही तिघं भाऊ पुरणार नव्हतो. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी साताऱ्याला भरती निघाली. त्याआधी चार महिने आबांनी मला पहाटे उठवून कालव्याच्या कडेनं पळवलं. स्वतः सायकलवर मागं असायचे. मी थांबलो की म्हणायचे, "शत्रू मागं हाय रं, थांबतोस काय?"

साताऱ्याला एसटीनं गेलो. मैदानावर जत्रेसारखी गर्दी होती, उघड्या अंगाची पोरं आणि कुंपणाबाहेर त्यांचे बाप. वजन कमी भरेल म्हणून आबांनी मला बळंच डझनभर केळी खायला लावली होती, ती पळताना घशाशी येत होती. तरी निवडला गेलो. छातीवर खडूनं नंबर पडला. बाहेर आलो तर आबा कुंपणाला धरून उभे होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होते.

ट्रेनिंग सेंटर फार लांब, दुसऱ्या मुलखात होतं. मिरजेहून दोन दिवस गाडीत बसावं लागे. पहिले दोन महिने मी रडून काढले असते, पण रडायलाही वेळ नव्हता. नंतर मात्र अंगात काहीतरी भरलं. निशाणा माझा मुळातच बरा निघाला, पळायची सवय कालव्यावर झालेली होती आणि ड्रिलमध्ये आमचा उस्ताद मला पुढं काढून इतरांना माझी चाल दाखवू लागला. शेवटी आमच्या तुकडीतला सगळ्यात चांगला रंगरूट म्हणून माझं नाव लागलं. कसम परेडच्या, म्हणजे शपथविधीच्या दिवशी कप मिळणार होता. तसं मी घरी पत्र टाकलं.

त्या पत्राचं आबांनी काय केलं ते मला पुढं आईकडून कळलं. त्यांनी ते मास्तरांकडून वाचून घेतलं, मग न्हाव्याकडून, मग इस्लामपूरला बाजाराला गेले तिथं एका ओळखीच्या दुकानदाराकडून. स्वतःला वाचता येत होतं. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. सगळ्या गावात त्यांनी गूळशेंगा वाटल्या आणि परेडला एकटे निघाले. आयुष्यात तेवढा लांबचा प्रवास त्यांनी लढाईनंतर केला नव्हता.

परेड झाली. मी कप घेतला. समोर पालकांच्या रांगेत आबा उभे होते, जुन्या काळ्या कोटावर तीन मेडलं लावून, हात मांडीला घट्ट चिकटवून. बाकीचे बाप टाळ्या वाजवत होते. आबा सावधानमध्ये उभे होते आणि गालावरून पाणी वाहत होतं ते पुसत नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की पुढचं सगळं त्यामुळंच घडलं असावं.

मग पालकांना चहा होता. मोठे साहेब प्रत्येकाजवळ थांबून दोन शब्द बोलत होते. आमच्याजवळ आले आणि आबांची मेडलं बघून थबकले. माझे चार-पाच सोबती आणि उस्ताद शेजारीच होते. साहेबांनी विचारलं, आपण पण फौजी, लढाईत काय काम होतं? मी मनात म्हटलं, आता मशीनगन.

आबांनी टाचा जुळवल्या. म्हणाले, "लांगरी था, साब."

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेब मात्र खुलले. त्यांनी आबांचा हात हातात घेतला, व्रण बघितला आणि विचारलं, हे कशानं? आबा म्हणाले, उकळत्या डाळीचा हंडा होता, जवळ गोळा पडला म्हणून पळापळीत हातावर आला, पण हंडा पडू दिला नाही, दीडशे माणसं जेवायची होती. साहेब म्हणाले की अशा माणसांच्या हातचं खाऊनच फौज लढते, आणि मला म्हणाले, बापासारखा हो.

साहेबांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. आज मला ते कळतं. तेव्हा मला दिसलं ते फक्त माझ्या एका सोबत्याच्या ओठांवरचं हसू. साहेब पुढं गेल्यावर तो कानाशी म्हणाला, तरीच तू जेवायला लंगरमध्ये सगळ्यांच्या पुढं असतोस. सगळे हसले. आबाही हसले. त्यांना वाटलं पोरांची गंमत चाललीय.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा माझा कप घरी न्यायला काखेत धरून ते नुसते तरंगत होते. साहेबानं हात हातात घेतला, साहेबानं विचारलं, असं चाललं होतं. मी एवढंच म्हणालो, "आबा, आता पुन्हा हितं येऊ नका." त्यांनी माझ्याकडं बघितलं. लांबचा प्रवास झेपत नाही म्हणून मी काळजीनं बोलतोय असं त्यांना वाटलं असेल, किंवा वाटलं नसेलही. म्हणाले, "व्हय, लय लांब पडतं."

महिन्याभरानं मी सुटीवर गावी गेलो. आष्ट्याच्या स्टँडवर आबा घ्यायला आले होते. घरी न नेता मला तसंच युनिफॉर्ममध्ये पारावर घेऊन गेले. दहा-बारा माणसं बसली होती. कप आबांनी पिशवीतून आणलाच होता. तो हातोहात फिरू लागला आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरगं कुणाचं हाय! हवालदाराचं रक्त हाय त्ये. हवालदार, ती नदीकाठची सांगा की पोराम्होरं."

आबांनी माझ्याकडं चोरून बघितलं. तेवढ्यावर ते थांबले असते तर कदाचित मीही थांबलो असतो. पण माणसं आग्रह करत होती, पंचवीस-तीस वर्षांची सवय होती, आणि ते सुरू झाले. नदीचा काठ, पलीकडं जपानी.

मी म्हणालो, "हवालदार न्हवते त्ये. लांगरी हुते. भाकऱ्या थापत हुते."

कप एका माणसाच्या हातात होता, तो त्यानं तसाच धरून ठेवला. मला वाटलं आबा ओरडतील, निदान उठून जातील. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्या माणसाकडं बघत म्हणाले, "खरं हाय त्ये. माझं सोडा. तुमी पोराचा कप बघा."

घरी आलो तर बातमी आईपर्यंत आधीच पोचली होती. ती भांडी घासत होती. मी तावातावानं सांगायला लागलो की त्यांनी आपल्या सगळ्यांना फसवलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला लगीन झालं त्या वर्सापास्नं ठावं हाय. मी बाळंतपणात पडले म्हंजी चुलीम्होरं कोण बसत हुतं? बाप्या माणसाला अशी भाकरी येती व्हय?" मग घासलेला तवा पालथा घालत म्हणाली, "चार माणसांत मान मिळत हुता. तुझं काय जात हुतं त्यात?"

चहाच्या वेळचं हसू मला अजून टोचत होतं आणि ते मी आबांच्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो.

गाव वाईट नव्हतं, पण गाव होतं. वर्षभरात हवालदार हे नाव गेलं. पुढच्या सुटीत मी आलो तर पोस्टमन मला म्हणाला, लांगरीतात्या मळ्यात आहेत. मग लग्नकार्यात लोक त्यांना स्वयंपाकाला बोलावू लागले. आधी थट्टेनं बोलावलं आणि मग त्यांच्या हाताला चव आहे म्हणून. आबा जायचे. पाराकडं मात्र ते परत फिरकले नाहीत. कुणाच्याही मांडवामागं चुलाणापाशी बसून ते माझ्या कपाची गोष्ट सांगायचे, असं मी ऐकलं.

सत्त्याहत्तर साली माझं लग्न झालं. मुलगी साताऱ्याकडची, फौजी घराण्यातली, सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. लग्न आमच्या दारात होतं. मी आईकरवी निरोप दिला होता की आबांनी कोट घालून पुढं बसावं. ते सकाळपासून मागंच होते, धोतर खोचून, आमटीच्या हंड्याशी. दुपारी वऱ्हाडातला एक पाहुणा पाणी मागायला मागं गेला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आचारीबुवा, पंगत थांबलीय, जरा हात उचला."

मी चार पावलांवर होतो. बाशिंग बांधलेलं होतं, सासरे शेजारी उभे होते. हे माझे वडील आहेत, एवढंच म्हणायचं होतं. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग त्या पाहुण्याला म्हणाले, "झालंच हाय बघा, बसा तुमी."

मी पुढं निघून गेलो.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. सुटीला आलो की आम्ही उसाबद्दल बोलायचो, विहिरीबद्दल, माझ्या मुलांबद्दल. मी फौजेत चांगला वर चढलो. जिथं जिथं बदली झाली तिथं पहाटे चार वाजता उठून दोनशे माणसांची चूल पेटवणारे लांगरी बघितले, बर्फात, वाळूत, गोळ्यांच्या टप्प्यात. त्यांच्याशी मी नेहमी नीट बोललो. आबांना मात्र ब्रह्मदेशात कसं होतं हे एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.