मुळाशी अर्धं-अर्धं

सुचित्रा परब दादरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि लालबागला आईसोबत राहते. चाळिशी उलटली तरी तिची पीएचडी चाललेलीच होती. विषय पाली. काही जाती दिवसा हिंडतात, काही रात्री. मग त्या सगळ्यांचा मूळ पूर्वज कधी हिंडत असेल? डीएनएवरून वंशवृक्ष उभा करायचा, फांद्यांच्या टोकांना आजच्या सवयी लिहायच्या आणि मुळाशी कशाची शक्यता किती, ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं.

उत्तर आलं होतं : दिवसा. जवळजवळ खात्रीने. त्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं होतं.

शेवटचा हात फिरवताना तिला एक गोष्ट खटकली. दिवसाची सवय रात्रीची होणं आणि रात्रीची दिवसाची होणं, दोन्ही सारखंच सोपं असं तिने धरलं होतं. कशावरून? तिने दोन्ही बदलांचे वेग वेगळे ठेवून हिशेब पुन्हा चालवला. मुळाशी दिवस आणि रात्र, अर्धं-अर्धं आलं. दोन्हींतला कुठला हिशेब बरोबर, तेही ठरेना.

"काय गो, गावली तुझी पाल?" भाजी निवडता निवडता आईने, शेवंतीबाईंनी, विचारलं.

"गावली होती. परत हरवली."

"माका माझ्या पणजीचा नाव म्हायत नाय, आनि तू पालीची पणजी शोधतंस!"

तिचे मार्गदर्शक हितेंद्र प्रधान म्हणाले, "पहिलं उत्तर ठेव. दुसरं परिशिष्टात टाक. तू दमलीयेस, मीही रिटायर होतोय."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ती खरंच दमली होती. "हो सर," म्हणून ती घरी आली आणि फाइल उघडायचं टाळत राहिली. मग एका रविवारी तिने ते प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. कुणी विचारलं तर रेटून बोलायची ताकद उरली नव्हती, एवढंच.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच. "मग इतक्या वर्षांनी तुमचं उत्तर काय?"

"एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही, सर."

प्रधानसर खिडकीबाहेर बघत राहिले. परीक्षकांनी प्रबंधाचं शीर्षक बदलायला सांगितलं, दुरुस्त्या दिल्या. त्यात सगळा उन्हाळा गेला. शेवटी पदवी मिळाली.

आईने पेढे आणले, शेजारी वाटले. "आता काय करतलंस?"

"झोपतंय," ती म्हणाली आणि साडी न बदलताच आडवी झाली.