तात्यांचा न तुटलेला पट्टा

भोरला आमचं गॅरेज आहे. मागच्या खिळ्यावर गाड्यांचे जुने टायमिंग बेल्ट साठतात आणि पुढच्या बाकावर किस्से. बेल्ट निदान शेळ्या राखणारा कोंडीबा मागून नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून सांगून टाकतो.

हा बेल्ट म्हणजे इंजिनात फिरणारा दातेरी रबरी पट्टा. चालत्या गाडीत तुटला की इंजिनाची वाट लागते. आमचे जुने गिऱ्हाईक तात्या हिर्डोशीच्या वाटेवरच्या वाडीतले. त्यांना म्हटलं, "पट्टा बदला, त्याचे किलोमीटर भरले, म्हातारा झालाय."

"आवाज करतो का?"

"नाही. हा गुपचूप तुटतो."

"मंग गुणाचाच हाय की. आमच्या घरात बिनआवाजाचं दुसरं हाय कोन?"

*

काही गाड्यांत पट्ट्याऐवजी लोखंडी चेन असते. ती सैल झाली की सकाळी गाडी सुरू करताना खडखडते. पालीच्या एका प्रवासी जीपवाल्याची अशीच खडखडत होती. नवी टाकतो म्हटलं, तर त्यानं घाईघाईनं बॉनेट लावलं.

"आवाज ऐकून तर लोकं पिशव्या घिऊन रस्त्याला येत्यात. चेन गप केली तर शिटा कुठनं गोळा करू?"

*

कोंडीबा आमचे जुने पट्टे नेतो ते शेळ्यांच्या गळ्यात घंटा बांधायला. दात्यांमुळे घंटा सरकत नाही म्हणे. अकरा शेळ्या झाल्या, बोकड राहिला. त्याला रुंद पट्टा हवा, आणि तसा तात्यांच्या डिझेल गाडीत होता. तेव्हापासून तात्या दिसले की हा अगदी आस्थेनं विचारतो, "तात्या, आजून तुटला न्हाई?"

*

एकदा तात्या वरंध घाट इंजिन बंद करून उतरले. "तेवढाच पट्ट्याला इसावा."

मी खरंच चिडलो. "अहो, इंजिन बंद असलं की ब्रेक लागत नाही नीट. जीव जाईल!"

"आलो न्हवं जित्ता? आन हे घाटाचं किलोमीटर मीटरातनं वजा धरा."

*

मग त्यांच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं. नवरी याच गाडीतून भोरच्या कार्यालयात येणार होती. पोरगी स्वतः गॅरेजवर आली.

"काका, तात्यास्नी कायतरी सांगा. वाटंत पट्टा तुटला तर मुहूर्त जाईल माझा."

तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. मी तात्यांना दम भरला, "नवरी कार्यालयात पोचेपर्यंत पट्टा तुटता कामा नये. तुमची जबाबदारी." त्यांनी मान डोलावली. मी नवा पट्टा आणून ठेवला, पण तात्या फिरकलेच नाहीत.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला दहा मिनिटं उरली, तरी गाडीचा पत्ता नाही. सुमनच्या सासऱ्यांनी तीनदा घड्याळ बघितलं. नवा पट्टा पिशवीत घेऊन मी फाटकात उभा होतो.

तेवढ्यात वळणावर बैलजोडी दिसली. मागे दोराला बांधलेली गाडी, स्टिअरिंगवर फेटा बांधलेले तात्या, हॉर्न चालू.

"तुटला ना शेवटी?" मी विचारलं.

"तुटतोय कसा?" तात्यांनी कोटाच्या खिशातून खणात गुंडाळलेला पट्टा काढला. "कालच काढून ठिवला."

सुमन मुंडावळ्या सावरत खाली उतरली. तिनं वडिलांच्या हातातून पट्टा घेतला आणि अक्षता घेऊन उभ्या असलेल्या कोंडीबाच्या हातात ठेवला.

"मामा, बोकडाला घाला. आन काका, पाठवणीच्या आत नवा टाका."