आईच्या गाण्यांवर चढलेली लग्नं

येरमाळ्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. एडिटिंगचा कॉम्प्युटर जुना. पण त्यावर हात बसलेला, म्हणून बदलला नाही. शूटिंग मावेना तेव्हा त्यातच नवी, भली मोठी हार्ड डिस्क बसवली.

तिच्यावर सगळ्यात आधी आईची गाणी टाकली. आई आराधी होती, देवीपुढं गाणारी. येडाई देवीची ती गाणी तिला सासूकडून आलेली, कुठं लिहिलेली नाहीत. खोकल्यानं बेजार व्हायच्या आधी मी तिला समोर बसवून ती रेकॉर्ड केली होती. दुसरीकडं कॉपी ठेवली नाही.

जुन्या यंत्राला ठराविक हद्दीपुढं जागा मोजता येत नाही. डिस्क कितीही मोठी असो, हद्द आली की ते मुकाट्यानं पहिल्या जागेवर येतं आणि तिथं जे असेल त्यावर नवं लिहीत सुटतं. हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मीच सांगायचो, "म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडू नका." माझी हद्द यायला अजून लई अवकाश आहे, असं धरून लग्नसराईभर वराती ओतत गेलो. आई गेल्यावर गाणी उघडली. नावं दिसत होती, आत नुसती खरखर.

ईट गावात दिलेल्या थोरल्या बहिणीला सांगितलं, "अक्का, लाईट गेली अन् डिस्क जळाली." तिनं लाईटवाल्यांना शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या.

परवा तिचा फोन आला. लेकीच्या लग्नातल्या गोंधळाला आईचा आवाज लावायचा होता.

"धाराशिवात जळक्या डिस्कीतनं काढून देत्यात म्हणं. दे की पाठवून."

"अक्का, ती जळली न्हाय. म्याच तिच्यावर लोकांची लग्नं भरली."

"चुकून?"

"ठाऊक असून."

 

"मंग तूच म्हण," ती म्हणाली. "मी नांदायला गेलते. तू तर म्होरं बसला व्हतास. ते पाळण्याचं तेवढं सांग, मी पाठ करते."

मी तोंड उघडलं. चाल आली, शब्द येईनात. रेकॉर्डिंग करताना माझं सगळं ध्यान आवाज फाटून पडद्यावरची रेघ तांबडी होतेय का, याच्याकडं होतं. आई काय गातेय, ते मी नंतर निवांत ऐकणार होतो.

"सांग की आरं," अक्का म्हणाली.